जुन्या मोटारीचा पोलादी सांगाडा

आपल्या वाडीपासून जवळच असलेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या प्रांगणात जानेवारी २०२३ मध्ये जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा प्रदर्शनात चकाकणारा रंग आणि उजळलेले दिवे पाहून सामान्य प्रेक्षक हरखून जातो. जाणता कारागीर मात्र आधी गाडीच्या पोटाखाली वाकून पाहतो. कारण मोटारीचे आयुष्य तिच्या रंगावर नव्हे, तर सांगाड्यावर अवलंबून असते.

पूर्वीच्या बहुतेक मोटारींचा सांगाडा शिडीसारखा असे: दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या. इंजिन, चाके, सुकाणू आणि बैठक या सर्वांचा भार तोच वाही. पुढे अँबॅसडरसारख्या गाड्यांत स्वतंत्र सांगाडा राहिला नाही. पत्र्याच्या पोकळ पेट्या जोडून सबंध अंगच भारवाही करण्यात आले. दोहोंचा शत्रू एकच, तो म्हणजे गंज.

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो. पाण्यात मीठ असल्यास ही क्रिया अधिक वेगाने होते. म्हणूनच आमच्या कोकणकिनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्यात लोखंडी वस्तू लवकर झिजतात. गंज मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्र्यांच्या सांध्यात तो वाढू लागला म्हणजे सांधाच फुगतो व उकलतो. शिवाय तो सच्छिद्र असल्याने खालच्या धातूचे रक्षण करीत नाही. चिखल साचणारे कोपरे आणि पोकळ तुळयांचे अंतर्भाग ही त्याची आवडती स्थाने होत.

दुरुस्तीचा आरंभ मोजमापाने होतो. गाडी सपाट फरशीवर समपातळीत उभी करून सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या बिंदूंपासून ओळंबा सोडतात व खाली खडूने खुणा करतात. या चार खुणांचा आयत किंवा समद्विभुज समलंब चौकोन होतो. दोन्हींचे कर्ण समान असतात, हे आपण भूमितीत शिकलोच आहोत. कर्णांत लक्षणीय फरक आढळला, तर सांगाडा वाकडा झाला आहे असे समजावे. वर्गातले प्रमेय कारखान्यात कसे उपयोगी पडते, पाहा!

नंतर हातोडीने हलकेच ठोकून पाहतात. चांगले पोलाद खणखणीत वाजते, पोखरलेले बद्द. कुजलेला भाग निरोगी धातू लागेपर्यंत कापून काढावा लागतो. त्यावर नुसती पट्टी डकवणे म्हणजे जखम न धुता मलमपट्टी करणे होय. नवा तुकडा मूळच्याच जाडीचा व तशाच जातीच्या पोलादाचा घेतात. वेल्डिंग थोडे येथे, थोडे तेथे असे करतात, म्हणजे एकाच जागी उष्णता साठून सांगाडा वाकत नाही. तत्पूर्वी बॅटरी सोडवणे आणि पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवणे अत्यावश्यक असते. हे काम अनुभवी कारागिराचेच आहे.

आता संरक्षणाचा विचार करू. पूर्वी लोखंडाला शेंदराचा, म्हणजे शिशाच्या तांबड्या भस्माचा, रंग देत; परंतु शिसे विषारी असल्याने तो मार्ग सोडून देणेच इष्ट. जस्ताचा उपाय अधिक चांगला. फ्रान्समधील सोरेल याने १८३७ मध्ये लोखंडावर जस्ताचा लेप देण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. जस्त लोखंडाआधी स्वतः झिजते आणि त्याला वाचवते. म्हणून स्वच्छ, उघड्या पोलादावर प्रथम जस्तयुक्त अस्तर, त्यावर टिकाऊ रंगाचे थर आणि पोकळ भागांत बारीक नळीने मेणाचा फवारा असा क्रम ठेवतात. पाण्याचा निचरा करणारी छिद्रे मात्र बुजवू नयेत. अन्यथा आत साचलेले पाणी सर्व श्रम व्यर्थ करील.

जुना सांगाडा फेकून सरळ नवा का बसवू नये, असे कोणी विचारील. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हिंटेज’ ठरण्यासाठी गाडी पन्नास वर्षांहून जुनी व मूळ स्वरूपात राखलेली असावी लागते. तिच्या सांगाड्यात, बाह्यांगात वा इंजिनात भरीव फेरफार झालेला चालत नाही. सांगाडा गेला की गाडीची ओळखच गेली! त्याचबरोबर ब्रेक आणि सुकाणू यांचा आधारही तोच असल्याने गाडीत बसणाऱ्यांचे प्राण त्याच्या बळकटीवर विसंबून असतात.

महाराजा सयाजीरावांनी १८९० मध्ये याच नगरात कलाभवन स्थापून हस्तकौशल्याला विद्येच्या पंक्तीत बसवले. त्या नगरातील विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानी ठेवावे, की रंगाखाली दडवलेला गंज थांबत नाही, तो आतून वाढतच राहतो. आपल्या घरची सायकल असो वा खिडकीचे गज, पावसाळ्यापूर्वी एकदा नीट पाहावे, गंज खरवडून काढावा आणि मगच रंगाचा डबा उघडावा.