वळवाआधी घराची तयारी



येडशीच्या रामलिंग रानालगत एप्रिल-मेमध्ये वळीव सुटला की पत्रे उडतात, फांद्या तारांवर पडतात, वीज जाते. म्हणून छपरावर आलेल्या वाळक्या फांद्या आधीच तोडा. तारेजवळची फांदी मात्र महावितरणच्या माणसाकडूनच तोडून घ्या. पत्र्यांचे हूक आवळा. नुसते दगड ठेवू नका, वाऱ्यात तेच डोक्यात पडतात. पाणी भरून ठेवा, बॅटरी व मोबाईल चार्ज करा. ‘दामिनी’ अ‍ॅप विजेचा इशारा देते. गडगडाट ऐकताच झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नका. तुटलेल्या तारेपासून दूर राहा, १९१२ वर कळवा.

लूक ६ मधील शहाण्याने पूर येण्याआधीच खोल पाया खणला. शेजारच्या पारधी वस्तीवर एकटी आजी असेल, तर तिचे पत्रे आपणच जाऊन आवळू या.