टेकडीवरचा मळा

शहर वाढते तेव्हा शेजारच्या गावाला विचारून वाढत नाही. आधी शेताकडेने रस्ता येतो. मग जमिनीला भाव येतो. पुढे गावाचे नाव तेवढे वस्तीला उरते. हे आपल्याकडेच होते असे नाही. अशाच एका परदेशी गावाची गोष्ट आज आपण वाचू.

फ्रान्स देशाची राजधानी पॅरिस. तिच्या उत्तरेला सुमारे १३० मीटर उंचीची टेकडी आहे. तिच्यावर मोंमार्त्र नावाचे गाव होते. उतारावर द्राक्षांचे मळे होते. माथ्यावर वारा मोप, म्हणून तिथे पवनचक्क्या होत्या. त्यांवर धान्य दळीत. टेकडीच्या पोटात जिप्समचा दगड होता. तो भाजून पांढरी भुकटी करीत. मोडलेल्या हाताला डॉक्टर ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ घालतात ना? ते नाव अशाच खाणींवरून पडले.

पॅरिसभोवती तेव्हा एक भिंत होती. ती शत्रूसाठी नव्हती, जकातीसाठी होती. आत येणाऱ्या मालावर नाक्यावर पैसे भरावे लागत. मुंबईतही २०१७ पर्यंत जकात होतीच. मोंमार्त्र भिंतीबाहेर, म्हणून तिथे दारू स्वस्त. शहरातली माणसे सुट्टीला तिकडे लोटू लागली. गुत्ते वाढले, घरे वाढली.

१ जानेवारी १८६० रोजी सरकारने मोंमार्त्र पॅरिसला जोडले. गावचा स्वतंत्र कारभार संपला. भिंत पडली, जकातीचे नाके गावाच्या पलीकडे गेले. शहराने काही दिलेही. १९०० साली टेकडी चढायला दोराने ओढायची गाडी आली. पण मळे हळूहळू गेले. पवनचक्क्यांपैकी दोनच आज उभ्या आहेत.

पुढे टेकडीवरच्या एका मोकळ्या जागेवर इमारती बांधायचे घाटू लागले. तेव्हा रहिवासी आडवे आले. चित्रकार फ्रान्सिस्क पुल्बो त्यांत पुढे होते. अखेर १९३३ साली शहराने तिथे द्राक्षवेली लावल्या. मळा केवढा? सुमारे १५ गुंठे. तो आजही आहे. दर वर्षी ऑक्टोबरात तिथे तोडणीचा उत्सव भरतो. त्या द्राक्षांच्या दारूचे पैसे तिथल्या लोकोपयोगी कामाला जातात.

मंडळी, गाव शहरात गेले तेव्हा मळे होतेच. ते राखले असते तर ७३ वर्षांनी पुन्हा लावावे लागले नसते.

आमच्या गावच्या गायरानात आज बंगले आहेत. ठरावाचा कागद आला तेव्हा तो वाचू शकणारे आम्ही चौघेच होतो. चौघेही गप्प बसलो. त्याची बोच अजून जात नाही.

आता तुम्हांला अक्षर येते. आपल्या गायरानाचा, तळ्याचा उतारा मागा आणि स्वतः वाचा. अडले तर विचारा, पण वाचल्यावाचून अंगठा किंवा सही देऊ नका.

प्रश्न
१. मोंमार्त्रमध्ये दारू स्वस्त का होती?
२. १५ गुंठ्यांचा मळा कशामुळे झाला?
३. तुमच्या गावात सगळ्यांच्या मालकीची जागा कोणती? ती किती आहे?