दुसऱ्या वर्षाचा खर्च

फोपनारच्या एखाद्या केळी उत्पादक संस्थेची वेबसाइट करायची, तर दर किती सांगावा? विद्यार्थी मला विचारतात. मी उलट विचारतो, दुसऱ्या वर्षाचं काय? डिझाइनचे पैसे एकदाच. डोमेन आणि होस्टिंगचे मात्र दरवर्षी. दरपत्रकात दोन्ही वेगळे लिहा, अन् डोमेन संस्थेच्याच नावावर घ्या. नाहीतर तुम्ही नोकरीसाठी इंदूरला गेलात, की मुदत संपते आणि साइट बंद! जुना मजकूर पुष्कळदा कृतिदेवमध्ये टाइप केलेला असतो. तो युनिकोडमध्ये आणायला वेळ लागतो, त्याचेही पैसे धरा. आपल्याकडे सरकारी कागद हिंदीत, घरचं बोलणं मराठीत. दोन्ही भाषा हव्यात का, हे आकडा सांगण्याआधीच विचारून घ्या. पानं दुप्पट होतात.