पाणथरी नसलेल्या माणसाचा ताप

वारजे हे एके काळी मुठा नदीच्या काठचं गाव होतं. आता ते पुणे शहरात आलं आहे. मुंबईहून बंगळूरकडे जाणारा मोठा रस्ता वारज्यातून जातो. रात्रंदिवस मालमोटारी धावतात. त्यांच्यामधून स्कूटरवाले आणि मोटारसायकलवाले वाट काढतात.

आपण एक माणूस डोळ्यांसमोर आणू. तो बोलण्यापुरता घेतला आहे, पण अशी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना आप्पा म्हणू. आप्पांचा भाजीचा धंदा. पहाटे मार्केट यार्डात जायचं, पोती लादायची आणि दिवस उजाडायच्या आत वारज्याला परत यायचं. एके दिवशी मोटारसायकल घसरली आणि हँडल पोटात बसलं. वरून रक्त नाही, जखम नाही. आप्पा उठून उभेसुद्धा राहिले. पण घटकाभरात डोळ्यांपुढे अंधारी आली. डावा खांदा दुखू लागला. इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पोटात रक्तस्राव होतोय. पाणथरी फुटली आहे. ती काढावी लागेल."

पाणथरी काढली. आप्पा वाचले. दहा दिवसांनी घरी आले. आता पुढे काय? खरा धडा इथून सुरू होतो.

पाणथरी म्हणजे काय, ते आधी पाहू. पोटाच्या डाव्या अंगाला, बरगड्यांच्या आत, जठराच्या मागे हा अवयव असतो. मुठीएवढा असतो आणि जांभळट दिसतो. वजन साधारण १५० ग्रॅम. डॉक्टर त्याला प्लीहा म्हणतात. जुन्या माणसांना पाणथरी हा शब्द चांगला ठाऊक आहे. हिवताप पुन्हा पुन्हा आला की पाणथरी वाढे आणि पोटाची डावी बाजू टणक लागे. मुलांची पोटं हाताने चाचपून गावात हिवताप किती आहे याचा अंदाज डॉक्टर घेत. १९५३ साली देशभर हिवतापाविरुद्ध मोहीम सुरू झाली. त्याआधी अशा वाढलेल्या पाणथऱ्या खेडोपाडी दिसत. काही ठिकाणी तर पोटावर डाग देत. त्याने पाणथरी काही बरी होत नसे. पोर मात्र भाजून निघे.

पाणथरीचं काम दोन प्रकारचं. एक काम चाळणीचं. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हाताऱ्या झालेल्या पेशी पाणथरी वेचून बाजूला काढते. दुसरं काम जागल्याचं. आपल्या गावात रात्री जागल्या फिरत असे, तसं. रक्तात शिरलेले जंतू ती पकडते.

आता तुम्ही म्हणाल, जंतू पकडायला शरीरात दुसरं कोणी नाही का? आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आहेत, यकृत आहे. पण काही जंतू लबाड असतात. त्यांच्या अंगावर गुळगुळीत वेष्टन असतं. अंगाला तेल चोपडून आलेला चोर हाताला लागत नाही, निसटतो. तशी यांची तऱ्हा. पाणथरीच्या बारीक बोळांतून रक्त हळूहळू सरकतं, आणि तिथे हे चोर धरले जातात. शिवाय या चोरांना ओळखून चिकटणारी द्रव्यं पाणथरीत तयार होतात. पाणथरी गेली की हे काम पुरतं कोणालाच जमत नाही. यकृत थोडा भार उचलतं, पण सगळा नाही.

या तेलकट चोरांत मुख्य म्हणजे न्यूमोकोकस. न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणारा हा जंतू. बरेचदा तो धडधाकट माणसाच्या नाकात, घशात मुक्कामाला असतो आणि काही त्रास देत नाही. पाणथरी नसलेल्या माणसाच्या रक्तात तो शिरला, तर तासातासाला वाढत जातो.

ही गोष्ट डॉक्टरांनाही उशिराच कळली. पूर्वी समज असा होता, की पाणथरी काढली तर फारसं बिघडत नाही; माणूस जगतो, कामाला लागतो. १९५२ साली अमेरिकेत किंग आणि शूमेकर या दोन शल्यचिकित्सकांनी पाच तान्ह्या बाळांची हकिकत छापली. रक्ताच्या आजारासाठी त्यांच्या पाणथऱ्या काढल्या होत्या. पुढे त्यांना जंतूंनी जबर गाठलं. तेव्हापासून शल्यचिकित्सक सावध झाले. आज पाणथरीला इजा झाली आणि रोग्याची नाडी, रक्तदाब ठीक असला, तर पुष्कळदा ती काढत नाहीत. इस्पितळात नजरेखाली ठेवून ती भरून येण्याची वाट पाहतात. फुटून रक्त थांबेचना, तरच काढतात. आप्पांची तशी फुटली होती.

आता आप्पांकडे परत येऊ. घरी आल्यावर वर्षभरात त्यांना चार वेळा ताप आला. दर वेळी आप्पा इस्पितळात गेले. रिक्षाचे पैसे, केसपेपर, रक्ताची तपासणी, दिवसाचा धंदा बुडाला. आणि दर वेळी डॉक्टर म्हणाले, "साधाच आहे. पण आलात हे बरं केलंत." चौथ्या खेपेला आप्पा कंटाळले. पाचव्यांदा ताप आला तो रात्री नऊला, हुडहुडी भरून. आप्पांनी घोंगडी ओढली.

बायको म्हणाली, "अहो, चला ना दवाखान्यात."

"अगं, दर वेळचंच आहे. सकाळी बघू."

इथे थांबा. आप्पांचं चुकलं का? त्यांचा कंटाळा खरा आहे. धंदा बुडतो हेही खरं आहे. त्यांना नुसतं हसून किंवा रागावून चालणार नाही. पण त्यांचा हिशेब चुकला. चार ताप साधे होते, म्हणून पाचवा साधाच असेल असं नाही. पाणथरी नसलेल्या माणसाला सर्दीपडसं इतरांसारखंच होतं. त्या बारीकसारीक दुखण्यांशी पाणथरीचा फारसा संबंध नाही. तो मोठा, जीवघेणा ताप क्वचितच येतो. पुष्कळांना जन्मात येत नाही. पण तो येतो तेव्हा सुरुवातीला अगदी साध्या तापासारखाच दिसतो. अंग मोडून येतं, डोकं दुखतं, ओकारी होते, जुलाब होतात. माणसाला वाटतं, काही बाधलं असेल. आणि मग हातपाय गार पडतात, माणूस गुंगीत जातो, अंगावर जांभळे डाग उठतात. सकाळी चालताबोलता असलेला माणूस रात्रीपर्यंत हाताबाहेर गेल्याची उदाहरणं आहेत. अशा तापाला उपचार मिळायला उशीर झाला, तर निम्मे रोगीसुद्धा दगावतात. पहिल्या काही तासांत औषध शिरेतून गेलं, तर पुष्कळ वाचतात.

कोणता ताप कसला, ते घोंगडीखाली पडून कळत नाही. घरच्यांना कळत नाही. नुसतं बघून डॉक्टरलाही कळत नाही. त्यालासुद्धा रक्त तपासावं लागतं. म्हणून पाणथरी नसलेल्या माणसाने प्रत्येक ताप पहिलाच आहे असं धरून चालायचं. चार खेपा फुकट गेल्या असं म्हणायचं नाही. शेताला राखण ठेवली आणि चोर आला नाही, तर राखणदाराची मजुरी वाया गेली असं आपण म्हणतो का?

आप्पांच्या बायकोने ऐकलं नाही. इस्पितळातून निघताना डॉक्टरांनी एक गोळ्यांचं पाकीट दिलं होतं. ते तिने डब्यातून काढलं. थर्मामीटर लावला. पारा १०२ वर. डॉक्टरांनी सांगितलं होतं, १००.४ च्या वर गेला किंवा हुडहुडी भरली, की पहिली गोळी घ्यायची आणि लगेच निघायचं. तिने गोळी दिली, शेजारच्या पोराला उठवलं आणि १०८ ला फोन लावला. आप्पा कुरकुरत गेले. न्यूमोकोकसच होता. आठ दिवस इस्पितळात काढले, आणि घरी आले.

त्या गोळीबद्दल एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. ती घरी ठेवायची ती वाटेत वेळ जातो म्हणून. गोळी घेऊन झोपायचं नाही. दूरच्या वाडीवर राहणाऱ्याला तर ती हवीच, कारण घाट उतरून येईपर्यंत दोन तास सहज जातात. कोणती गोळी, किती, ते डॉक्टरच लिहून देतील. पेनिसिलिन सोसत नसेल तर तसं आधीच सांगावं. दुसरं औषध मिळतं. पाकिटावरची मुदत संपली की नवं आणावं. आता तुम्हाला आकडे वाचता येतात, तेव्हा ती तारीख तुम्हीच पाहा.

काहींना रोज पेनिसिलिनच्या गोळ्या घ्याव्या लागतात. लहान मुलांना तर हमखास देतात. मोठ्यांना शस्त्रक्रियेनंतर निदान पहिली काही वर्षं, कारण धोका तेव्हा जास्त असतो. पण तो पुढे पुरता जात नाही. वीस वर्षांनीही ताप हा तापच.

हे सगळं फक्त अपघातवाल्यांसाठी नाही. थॅलेसेमियाच्या काही मुलांची पाणथरी काढावी लागते. आणि काही माणसांच्या पोटात पाणथरी असते, पण काम करत नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजार तुम्ही ऐकला असेल. विदर्भात, गडचिरोलीकडे, तसंच नंदुरबारच्या आदिवासी भागात तो पुष्कळ आढळतो. त्यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि पाणथरीच्या बोळांत अडकतात. मूल मोठं होईतो पाणथरी सुकून जाते. कोणी कापली नाही, तरी नसल्यासारखीच. अशा मुलांना रोज दोन वेळा पेनिसिलिन दिलं तर काय होतं, हे अमेरिकेत तपासलं. १९८६ साली उत्तर छापून आलं. न्यूमोकोकसचे जबर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाले. दोन वेळची गोळी, तिची किंमत ती काय! पण सहा महिने बरं गेलं की आईबाप ती बंद करतात. तिथेच घात होतो.

आता लशींचं. न्यूमोकोकसची लस आहे. मेंदूज्वराच्या जंतूची आहे. हिब नावाच्या जंतूची आहे. फ्लूची लस दर वर्षी घ्यायची, कारण फ्लूच्या मागोमाग न्यूमोनिया येतो. पाणथरी काढायचं आधी ठरलं असेल, तर निदान दोन आठवडे अगोदर लशी घ्याव्या. अपघातात अचानक काढावी लागली, तर साधारण दोन आठवड्यांनी. आणि हेच राहून जातं. जखम भरते, टाके निघतात, माणूस धंद्याला लागतो आणि लस विसरतो. काही लशी पुन्हा काही वर्षांनी घ्याव्या लागतात. म्हणून लशीचा कागद जपून ठेवावा.

या बाबतीत पुणेकरांना थोडा अभिमान वाटायला हरकत नाही. पुण्यात हडपसरला लशींचा मोठा कारखाना आहे. आफ्रिकेत मेंदूज्वराच्या साथी येत. तिथे २०१० सालापासून जी लस टोचली, ती या पुण्यातून गेली. बाळांसाठीची न्यूमोकोकसची लस २०२० च्या डिसेंबरात इथेच तयार होऊन निघाली. आता सरकारी लसीकरणात बाळांना अशी लस फुकट मिळते. मोठ्या माणसाने मात्र इस्पितळात विचारपूस करावी; काही लशी विकत घ्याव्या लागतात, आणि त्या स्वस्त नाहीत हे कबूल केलं पाहिजे.

कुत्रं चावलं तर? पिसाळलेल्या कुत्र्याची सुई सगळ्यांनाच घ्यावी लागते. पण कुत्र्याच्या लाळेत आणखी एक जंतू असतो. तो धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. पाणथरी नसलेल्याला मारू शकतो. नुसता दात लागला तरी त्याच दिवशी दाखवावं आणि पाणथरी नाही हे आपल्या तोंडाने सांगावं. हिवतापही अशा माणसाला जास्त छळतो. मच्छरदाणी लावावी.

बाकी खाण्यापिण्याचं काही बंधन नाही. पाणथरी परत आणणारा काढा नाही, भस्म नाही. कोणी विकायला आला तर पैसे देऊ नका. शेतीचं काम, सायकल, देवाची यात्रा सगळं चालतं. ताप पुन्हा पुन्हा येत असेल, तर साखरेचा आजार आहे का, क्षय आहे का, तेही डॉक्टर तपासतील. सगळा दोष पाणथरीच्या माथी मारू नये. विडी-तंबाखू सोडली तर छातीचे विकार कमी होतात, हे आप्पांना तीनदा सांगून झालं आहे.

इस्पितळातून निघताना कागद मिळतो. त्यावर स्प्लेनेक्टमी असा शब्द असतो, बहुधा इंग्रजीत. म्हणजे पाणथरी काढली. डॉक्टरांना म्हणावं, "साहेब, हे मराठीतही लिहून द्या." आप्पांनी तर आपल्या हाताने एक कार्ड लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आहे, पण वाचता येतं. तुम्हीही वहीत उतरवून पाहा:

"माझी पाणथरी काढली आहे. मला ताप असेल किंवा मी बेशुद्ध असेन, तर थांबू नका. ताबडतोब इस्पितळात न्या. डॉक्टरांना पहिल्यांदा हे कार्ड दाखवा."

खाली घरच्यांचा फोन नंबर आहे. शेवटची लस कधी घेतली ती तारीख आहे. औषध सोसत नसेल तर त्याचं नाव लिहायला जागा आहे. एक कार्ड आप्पांच्या खिशात असतं, दुसरं गोळ्यांच्या डब्यात. तिसरं त्यांच्या बायकोने चुलीमागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवलं आहे. तिलाही आता ते वाचता येतं.