गोवंशातील गर्भाशयाचा बुरशीजन्य संसर्ग : वैद्याचे कर्तव्य व मर्यादा

धामणगाव बढे (ता. मोताळा, जि. बुलढाणा) परिसरात वैद्यकव्यवसाय करताना रुग्णांबरोबर त्यांच्या गोठ्याची व्यथाही आमच्यापुढे येते. ‘गाय सारखी उलटते, काढा द्या,’ अशी विनंती होते. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या ११व्या अध्यायात गाय, घोडा, हत्ती आदी पशूंच्या बस्तीचा विचार केला आहे. त्यामुळे मोहही होतो. म्हणूनच हा अनुभव वैद्यमित्रांपुढे ठेवीत आहोत.

एका शेतकऱ्याची गाय सातव्या महिन्यात गाभडली. वार अडकली, ती घरच्यांनी उघड्या हातांनी ओढून काढली व उकिरड्यावर टाकली. पुढे गर्भाशयात वारंवार प्रतिजैविके सोडूनही पिच्छिल स्राव थांबेना. कफज योनिव्यापदाचे साम्य पाहून आम्ही त्रिफळा क्वाथाचे धावन सुचविण्याच्या बेतात होतो. सुदैवाने आधी गोठा पाहिला. पावसात भिजलेल्या कडब्याची गंजी आतून काळी पडली होती. आम्ही पशुवैद्यकांकडे जाण्यास सांगितले. स्रावाच्या तपासणीत बुरशी आढळली. मूळ गर्भपाताचे कारण मात्र वार फेकून दिल्याने कायमचे अज्ञात राहिले.

हेतू व संप्राप्ती : गायींतील बुरशीजन्य गर्भपातात ॲस्परजिलस फ्युमिगॅटस ही बुरशी प्रमुख आहे. बुरसटलेल्या चाऱ्यातील बीजाणू श्वासावाटे वा अन्नमार्गे शरीरात शिरतात व रक्तावाटे वारेपर्यंत पोहोचतात. वारंवार दिलेल्या प्रतिजैविकांनी जिवाणू नष्ट होतात, पण बुरशीवर त्यांचा प्रभाव नसतो. उलट तिला वाव मिळतो. अस्वच्छ हात व उपकरणे हाही हेतू होय.

लक्षणे : गर्भपात बहुधा गाभणकाळाच्या उत्तरार्धात होतो. वार जाड व चामड्यासारखी होते. क्वचित वासराच्या त्वचेवर गजकर्णासारखे चट्टे दिसतात. गाय बाहेरून निरोगी दिसू शकते.

व्यवच्छेदक निदान : ब्रुसेलोसिसमध्येही गर्भपात उत्तरार्धातच होतो व तो माणसास जडतो. केवळ लक्षणांवरून भेद करणे धोक्याचे आहे. वार, गर्भाच्या जठरातील द्रव व रक्तजल यांचे नमुने पशुवैद्यकामार्फतच तपासावेत. गाभडलेल्या गायीस हाताळणाऱ्यास दीर्घकाळ ज्वर, स्वेद वा संधिशूल असल्यास वैद्याने ब्रुसेलोसिसची शंका अवश्य घ्यावी.

चिकित्सा : पशुचिकित्सा हा भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा अधिकार आहे. निदानावाचून गर्भाशयात क्वाथ वा तेल सोडणे हे शास्त्रही नव्हे. परंतु निदानपरिवर्जन हे आपल्या शास्त्राचे आद्य सूत्र येथे पूर्णतः लागू पडते. कडबा, कुटार कोरड्या उंच जागी साठवावे. बुरसटलेला चारा व पेंड गाभण जनावरास मुळीच घालू नये. वार व मृत गर्भ हातमोजे घालून हाताळावेत. नमुने घेतल्यानंतर चुना टाकून खोल पुरावेत. गाभडलेली गाय वेगळी बांधावी. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस टोचून घ्यावी.

त्या शेतकऱ्याने काळा कडबा जाळून टाकला. आम्ही काढा दिला नाही, तरी तो रिकाम्या हाताने परतला असे आम्हांस वाटत नाही. गोठ्यात हेतू शोधणे व योग्य हाती रुग्ण सोपविणे हीदेखील चिकित्साच होय.