प्रसूती रजेची पात्रता : ऐंशी दिवसांचा हिशेब

रेशीम आणि अगरबत्ती यांसाठी प्रसिद्ध असलेल्या म्हैसूर शहरात तीन स्त्रिया एकाच महिन्यात बाळंत होणार आहेत, अशी कल्पना करावी. पहिली भारतीय भाषा संस्थान या १९६९ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय संस्थेत नोकरीस आहे. दुसरी अगरबत्तीच्या कारखान्याच्या कचेरीत हिशेब पाहते. तिसरी कंत्राटदाराकडून काड्या व मसाला आणून घरीच अगरबत्ती वळते. विश्रांतीची गरज तिघींची सारखीच आहे. रजेचा हक्क मात्र सारखा नाही. परीक्षार्थींनी '२६ आठवडे' एवढाच आकडा पाठ न करता तो कोणाला लागू होतो, हे पाहावे.

पहिलीचा प्रश्न सोपा आहे. केंद्रीय रजा नियमांनुसार तिला १८० दिवसांची सवेतन प्रसूती रजा मिळते. शिवाय सप्टेंबर २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवाकाळात ७३० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे.

दुसरीची पात्रता बारकाईने तपासावी लागते. प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मधील तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट झाल्या असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असणे, ही मुख्य अट होय. कायद्याने ठरवलेल्या पगारी सुट्याही त्यात धरल्या जातात. हयात अपत्ये दोनपेक्षा कमी असल्यास २६ आठवडे, अन्यथा १२ आठवडे लाभ मिळतो.

समजा, ती २ मार्च २०२६ रोजी रुजू झाली आणि अपेक्षित तारीख १ जुलै आहे. प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठ आठवडे रजा घेता येते. त्यानुसार ती ६ मेपासून घरी राहिली, तर रविवार न धरता तिचे केवळ ५६ दिवस भरतात. ८० वा दिवस उजाडतो तो २ जून रोजी. म्हणजे लाभासाठी तिला आठव्या महिन्यातही कचेरी गाठावी लागेल. अट वाजवी असली, तरी तिचा भार नव्याने कामाला लागलेल्या स्त्रीवरच पडतो. रोजंदारीवरील स्त्रियाही या लाभास पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात दिला होता.

त्याच कारखान्यात पॅकिंग करणारी कामगार राज्य विमा योजनेत असेल, तर तिचा लाभ मालक नव्हे, विमा महामंडळ देते. हा फरक अर्थशास्त्रीयदृष्ट्या महत्त्वाचा आहे. संपूर्ण खर्च एकट्या मालकावर पडला, की तरुण स्त्रियांना नोकरी देण्यास तो कचरतो; विम्यात तोच खर्च सर्वांमध्ये विभागला जातो.

तिसरीच्या बाबतीत दिवस मोजणारे हजेरीपुस्तकच नाही. मजुरी नगावर मिळते आणि हात थांबला की मजुरीही थांबते. संहिता घरगुती कामगारांना असंघटित कामगार मानते व त्यांच्या प्रसूती लाभासाठी योजना आखण्याची जबाबदारी केंद्र सरकारवर सोपवते. सध्या तिला आधार आहे तो प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेचा. पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये मिळतात. पैकी ३,००० गर्भारपणाची नोंदणी व तपासणी झाल्यावर, उरलेले २,००० बाळाची जन्मनोंद आणि लसीकरणाचा पहिला टप्पा पूर्ण झाल्यानंतर. दुसरे अपत्य मुलगी असल्यासच ६,००० रुपये दिले जातात.