अर्धा पेला

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र बालाघाटाच्या डोंगरात वसले आहे. शारदीय नवरात्रात श्रीतुळजाभवानीच्या दर्शनासाठी येथे लाखो यात्रेकरू येतात. दूरवरून चालत आलेल्या माणसास प्रथम हवे असते ते पाणी. परंतु हा जिल्हा अवर्षणप्रवण आहे. 2016 च्या उन्हाळ्यात तर शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून आगगाडीने पाणी पुरवावे लागले. पहिल्या गाडीने पाच लाख लिटर पाणी आणले. अशा प्रदेशात पाहुण्याचे आतिथ्य कसे करावे? पाणी सढळ हाताने द्यावे, तर गावाच्या घागरी रिकाम्या राहतात. हात आखडता घ्यावा, तर पाहुणा नाराज होतो.

या कोड्याचे एक उत्तर पुण्यातील उपाहारगृहांनी शोधले. 2018 मध्ये पाणीटंचाई जाणवू लागली, तेव्हा त्यांपैकी अनेकांनी गिऱ्हाइकापुढे अर्धाच पेला भरून ठेवण्यास आरंभ केला. भरलेल्या पेल्यातील दोन घोट पिऊन माणूस उठतो आणि उरलेले पाणी मोरीत जाते. अर्ध्या पेल्याने ही नासाडी टळते. ज्याला अधिक तहान असेल, त्याने खुशाल मागून घ्यावे.

पाण्याचा असाच प्रश्न मोठ्या हॉटेलांतही असतो. पाहुण्यांचे टॉवेल रोज धुण्यात पुष्कळ पाणी खर्च होते. अमेरिकेतील एका हॉटेलात संशोधकांनी न्हाणीघरांत निरनिराळ्या पाट्या लावून पाहिल्या. पर्यावरण राखण्याची विनंती वाचून शंभरांतील सुमारे 35 पाहुण्यांनी तोच टॉवेल पुन्हा वापरला. येथील बहुतेक पाहुणे असेच करतात, असे पाटीवर लिहिले, तेव्हा ही संख्या 44 झाली. हे संशोधन 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे 2016 मधील दुसऱ्या एका अभ्यासात असे आढळले, की अशा उपक्रमात स्वेच्छेने भाग घेणारे पाहुणे अधिक संतुष्ट होते. भाग न घेणाऱ्यांचे समाधान मात्र काहीसे उणावले.

यावरून यजमानाला पुष्कळ शिकता येते. पाहुण्याला न सांगता केलेली काटकसर त्याला कंजूषपणा वाटते. तीच गोष्ट कारण सांगून, त्याच्या संमतीने केली, तर त्या सत्कार्यात आपलाही वाटा आहे, या जाणिवेने तो सुखावतो. अंथरूण आणि न्हाणीघर यांच्या स्वच्छतेत मात्र यजमानाने कसूर करू नये.

तुळजापुरात उतरलेल्या यात्रेकरूने हात धुताच नळ बंद केला, तर वाचलेले ते पाणी त्याच्यामागून येणाऱ्या तहानलेल्याच्या ओंजळीत पडते.